आईच्याच पोटातली पट्टी काढून आईलाच लावणार – कुणाला अनुभव आहे का?

नीरजा_वाई (धागाकर्ती)

आईची पाळी जाऊन बारा वर्षं झाली. तरी मागच्या दारच्या दोरीवर, टॉवेलाखाली झाकून, जुन्या सुती लुगड्याच्या घड्या वाळत होत्या. दिवाळीच्या आवराआवरीला गेले होते तेव्हा दिसल्या. विचारलं तर आधी "फडकी आहेत गं" म्हणाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर, दिवा घालवल्यावर सांगितलं, "अंग बाहेर येतंय. सात वर्षं झाली असतील. उकिडवं बसून भांडी घासली की जास्त. निजलं की आत जातं."

वय ६१. आम्ही तिघं भावंडं, तिघंही घरीच झालो. दहा वर्षांपूर्वीपर्यंत विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायची. साखर आहे, गोळ्या चालू.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी "पिशवी काढून टाकू" एवढंच सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तासभर पाहिलं. बाहेर आलेला भाग बोळ्याने आत ढकलून धरला आणि आईला खोकायला लावलं. लघवीची चिळकांडी उडाली. आई इतकी ओशाळली की परतीच्या प्रवासात शिरवळपर्यंत बोलली नाही.

बाईंचं म्हणणं असं: पिशवी खालूनच काढायची, वरचं टोक आतल्या मजबूत बंधाला टाके घालून बांधायचं, पुढची भिंत आवळायची. आणि लघवी गळू नये म्हणून ओटीपोटाच्या स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्याची एक पट्टी काढून ती मूत्रनलिकेखाली झोळीसारखी बसवायची. प्लॅस्टिकची जाळी वापरणार नाही म्हणाल्या.

आईचा प्रश्न: "माझंच काढून मलाच कशाला लावतात? बाजारात नवीन मिळत नाही का?"

माझे प्रश्न: आईला तर लघवी गळतच नाही, मग पट्टी कशाला? जाळी का नको? आणि पोटातून पट्टी काढल्यावर पोट कच्चं नाही का होणार?

अबोली_ठाणे

नीरजा, पट्टीचं ऑपरेशन माझं झालंय, अडीच वर्षांपूर्वी. संध्याकाळी सविस्तर लिहिते. आत्ता ऑफिसात आहे. घाबरू नकोस, पण सगळं गोड गोड पण नाहीये.

निवृत्त_टाका

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. मी आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे घरच्या काकूने सांगितलंय असं समजून वाच.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळे विचारतात. बागेच्या नळीला पीळ पडला की पाणी थांबतं ना? अंग खाली येतं तेव्हा मूत्राशय सोबत घसरतं आणि मूत्रनलिका दुमडते. आतली झडप ढिली असली तरी त्या घडीमुळे गळती दिसत नाही. ऑपरेशनने अंग जागेवर गेलं, घडी सुटली, की गळती सुरू. मग बाई म्हणते, "आधी बरी होते, डॉक्टरने बिघडवलं." म्हणून बोळा धरून खोकायला लावलं. ती चिळकांडी उडाली ते बरंच झालं म्हणायचं. ऑपरेशनआधी कळलं.

दुसरं. नुसती पिशवी काढणं म्हणजे अंग खाली येण्यावरचा इलाज नव्हे. पिशवी ही गुन्हेगार नाही, ती बिचारी आधार तुटला म्हणून घसरली. पिशवी काढली आणि वरचं टोक बांधलंच नाही, तर काही वर्षांनी योनीचा घुमटच मोज्यासारखा उलटून बाहेर येतो. अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या. पुण्याच्या बाईंनी "वरचं टोक बांधायचं" हे वाक्य उच्चारलं, तिथेच मला बरं वाटलं.

आता जाळी आणि पट्टी. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. अंग वर धरणं हे एक काम. गळती थांबवणं हे दुसरं. अंग वर धरायला बहुतेक वेळा तिथल्याच उतींना टाके घालून भागतं, वेगळं काही घालावं लागत नाही. आईंची पट्टी दुसऱ्या कामासाठी आहे.

कोल्हापुरी_ठेचा

पुरुषांनी इथं लिहिलेलं चालतंय का? बायकोसाठी वाचतोय.

डॉक्टरकाकू, माझ्या हर्नियाला जाळी घातल्याला बारा वर्षं झाली. पोती उचलतोय, काय झालं नाही. मग बायकांनाच जाळी का वाईट?

निवृत्त_टाका

चालतंय की, लिहा.

तुमची जाळी पोटाच्या भिंतीच्या थरांमध्ये आहे. वर जाड कातडी, चरबी, खाली स्नायू, आणि आजूबाजूला जंतू नाहीत. योनीची भिंत काही मिलिमीटरची. आत जंतूंचा कायमचा मुक्काम, रजोनिवृत्तीनंतर ती आणखी पातळ होते, आणि चालताना, बसताना, संबंधाच्या वेळी ती सतत हलते, ताणली जाते. प्लॅस्टिकची जाळी तिथे आकसते आणि काही बायकांत भिंत कापून बाहेर डोकावते.

अमेरिकेत योनीमार्गातून घालायच्या प्रोलॅप्सच्या (म्हणजे अंग बाहेर येण्यावरच्या) जाळ्यांना २००२ पासून परवानग्या मिळत गेल्या. तिथल्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये पहिला इशारा दिला, २०११ मध्ये दुसरा जास्त कडक, २०१६ मध्ये सर्वाधिक जोखमीच्या गटात टाकलं आणि एप्रिल २०१९ मध्ये विक्रीच थांबवायला लावली. दरम्यान इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये प्रॉस्पेक्ट नावाची मोठी चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन वर्षांत जाळी किंवा प्राण्यांच्या उतींपासून केलेलं ठिगळ घातलेल्या बायका साध्या टाक्यांवाल्यांपेक्षा काही जास्त बऱ्या नव्हत्या. जाळीवाल्यांत दहातल्या एकीहून अधिक जणींना जाळीचाच त्रास झाला.

पण म्हणून सगळीच जाळी विष असं नका समजू. पोटातून, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधतात ती जाळी आजही वापरतात, आणि ती उपयोगी आहे. लघवीच्या गळतीसाठीची प्लॅस्टिकची बारीक टेपही बऱ्याच देशांत चालू आहे.

मेलबर्नची_मावशी

आमच्याकडे २००९ ला माझ्यात जाळी बसवली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, उपयोग नाही. मला कागद दिला त्यावर "रिपेअर" लिहिलं होतं, जाळी हा शब्द मी चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

आधी स्राव. मग बसलं की काहीतरी टोचायचं. मग नवरा एकदा म्हणाला, "मला काहीतरी खरवडलं." आम्ही दोघं लाइट लावून बसलो, काय बोलावं सुचेना. डॉक्टर म्हणाले वयानुसार होतं. तेव्हा मी ५१ ची होते.

काढायला तीन ऑपरेशनं लागली. शेवटच्या सर्जनने सांगितलं, "स्लॅब ओतल्यावर आतली सळई काढायला सांगितल्यासारखं आहे हे." उती जाळीच्या भोकांतून वाढलेल्या असतात, त्यासाठीच ती भोकं ठेवलेली असतात. सगळी निघाली नाहीच. आणि काढल्यावर लघवी गळायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी काढून लावली, कारण पोटाची चिरफाड आधीच खूप झाली होती. गुडघ्याच्या वर छोटी चीर देऊन आतून लांब पट्टी खेचून घेतात. मांडी दोन महिने दुखली, पाणी साठून फुगली, एकदा सुईने काढावं लागलं. पण ती पट्टी आजपर्यंत गप्प आहे. माझीच आहे ना.

२०१८ च्या ऑक्टोबरात इथल्या आरोग्यमंत्र्यांनी, ग्रेग हंट यांनी, जाळीग्रस्त बायकांची देशातर्फे माफी मागितली. टीव्हीवर लागलं होतं. मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला प्रोलॅप्सच्या योनीमार्गातल्या जाळ्या इथे बाजारातून काढल्या. जुलैत इंग्लंडने तर गळतीच्या टेपलाही विराम दिला.

नीरजा, आईला सांग, बाजारात नवीन मिळतं. मावशीने घेतलं होतं.

अबोली_ठाणे

मावशी, काय लिहू. मिठी.

आता माझं. ४८ वर्षं, दोन सिझेरियन. शिंक आली की आधी पाय आवळायचे, मग शिंकायचं. ऑफिसच्या जिन्यात पॅड बदलायला थांबायचे. व्यायाम केले, पाच महिने, प्रामाणिकपणे. फरक पडला पण पुरेसा नाही. डॉक्टरांनी टेप आणि पट्टी दोन्ही समजावलं, टेपचं ऑपरेशन छोटं, अर्ध्या तासाचं, दुसऱ्या दिवशी घरी. मीच पट्टी म्हटलं. अंगात प्लॅस्टिक नको होतं, एवढंच कारण.

जुन्या सिझेरियनच्याच रेषेवर कापलं. सर्जनने नंतर फोटो दाखवला, हिरव्या कापडावर ठेवलेली पट्टी. बोटभर लांबीची आणि साधारण दोन सेंटिमीटर रुंद, ओल्या नारळाच्या मलईसारखी पांढरी, चकचकीत. दोन्ही टोकांना निळे धागे. हे धागे खालून वर पोटात आणून स्नायूवर गाठ मारतात, म्हणजे पट्टी मधोमध झोळीसारखी राहते. मग दुर्बीण घालून मूत्राशयाला भोक तर पडलं नाही ना ते बघतात.

खालचं काहीच दुखलं नाही. दुखलं ते पोट. खोकला आला की उशी दाबून धरायची. (गळती गेली की नाही हे तपासायला खोकावं तर पोट दुखतंय, अशी गंमत.)

आता कडू भाग. तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. सिस्टरने प्लॅस्टिकचा मापाचा जग दिला, त्यात लघवी करायची. बसले, बसले, नळ सोडला, 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलं. आली ती जेमतेम १२० मिली, आणि सोनोग्राफीत आत २५० शिल्लक. पुन्हा नळी. मग घरी जाताना सिस्टरने आरसा धरून स्वतःच बारीक नळी घालायला शिकवलं. पहिल्या वेळी मी रडले, दुसऱ्या वेळी चुकीच्या जागी गेली, सहाव्या वेळेपासून आरसा लागला नाही. दिवसाला चार वेळा, १९ दिवस. वही ठेवली होती: आपोआप किती, नळीने किती. ज्या दिवशी नळीने ४० आली त्या दिवशी नवऱ्याने श्रीखंड आणलं.

आजही बसले की धार हळू येते, थोडं पुढे वाकावं लागतं. सिनेमाच्या मध्यंतरात रांगेतल्या बायका माझ्यावर वैतागतात. पण पॅड नाही. एकही नाही.

नीरजा_वाई

अबोली, हे "नळी स्वतः घालायची" कुणीच सांगितलं नव्हतं! आईला हे जमेल? तिला आरशात स्वतःचं तोंड बघायला वेळ नसतो.

निवृत्त_टाका

सगळ्यांना लागत नाही, पण तयारी आधीच हवी. ऑपरेशनच्या आधी सिस्टरकडून नळी कशी घालायची ते शिकून घ्या, किंवा तू शिकून घे. आधी शिकलेली बाई नंतर घाबरत नाही. आणि गरज पडली तर काही दिवस आतच नळी ठेवून लघवीची पिशवी लावून घरी पाठवण्याचाही पर्याय असतो.

आकडे हवेत म्हणून एक सांगते. २००७ साली अमेरिकेत ६५५ बायकांवर पट्टी विरुद्ध बर्च नावाचं टाक्यांचं ऑपरेशन अशी चाचणी झाली. दोन वर्षांनी, खोकल्या-शिंकेच्या गळतीपुरतं पाहिलं तर पट्टीचं यश ६६ टक्के, टाक्यांचं ४९. पण पट्टीवाल्यांत लघवीचे संसर्ग जास्त, लघवी अडणंही जास्त. म्हणजे पट्टी धरून ठेवते हे तिचं यशही आणि खोडही.

पोट कच्चं होण्याबद्दल: पट्टी काढल्यावर तो पडदा टाक्यांनी पुन्हा जोडतात. तिथे हर्निया होणं शक्य आहे, पण क्वचित. साखर ताब्यात नसेल तर मात्र जखम चिघळण्याची भीती खरी. आईंची तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे?

नीरजा_वाई

८.९.

निवृत्त_टाका

मग आधी ती खाली आणा. सात वर्षं थांबलेलं अंग आणखी दोन महिने थांबेल.

फिजिओ_मुग्धा

डॉक्टरकाकूंना +१. आणि हे दोन महिने वाया घालवू नका.

एक, बद्धकोष्ठता. कुंथण्याने जे खाली ढकललं जातं ते कुठल्याही टाक्याने वर राहत नाही. इसबगोल, पाणी, आणि परसाकडे घाई न करणं.

दोन, श्वास सोडताना खालचे स्नायू वर ओढणं. बऱ्याच बायका उलट करतात, श्वास कोंडून खाली ढकलतात. एकदा तपासून घ्या, नाहीतर दोन महिने मन लावून चुकीचा व्यायाम होतो. अंग पूर्ण बाहेर आलेलं असेल तर व्यायामाने ते आत जाऊन बसणार नाही, हे आधीच सांगते. पण ऑपरेशननंतर कामाला येईल.

तीन, रिंग पेसरीबद्दल विचारलंत का? सिलिकॉनची रिंग असते, अंग वर धरते. ऑपरेशन नको असेल किंवा लांबणीवर असेल तेव्हा बरी. माझ्या एक पेशंट आजी ती घालून पंढरीची वारी करून आल्या.

शिस्तप्रिय

विषय महत्त्वाचा आहे मान्य. पण इतकं उघड वर्णन मुख्य पानावर? महिलांच्या विभागात हलवावा ही विनंती.

कोल्हापुरी_ठेचा

बायको महिला आहे. मी नवरा आहे. मला त्या विभागात प्रवेश नाही. राहू द्या की हितंच.

काकू, तो पांढरा पडदा म्हणजे मटण साफ करताना मांसावरनं जो चिवट पापुद्रा निघतो तोच काय? सुरीला पण ऐकत नाही तो?

निवृत्त_टाका

अगदी तोच! चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवताना हे उदाहरण सुचलं नाही. जितका चिवट तितकी पट्टी चांगली.

बखरकार

अवांतर होईल, पण राहवत नाही.

ही स्वतःचीच पट्टी लावण्याची कल्पना जाळीच्या भानगडीनंतर निघालेली नाही. जर्मनीत गोबेल यांनी १९१० मध्ये पोटाच्या एका छोट्या स्नायूची झोळी केली, अमेरिकेत ऑल्ड्रिज यांनी १९४२ मध्ये पोटाच्या पडद्याची. १९७८ मध्ये मॅग्वायर आणि लिटन यांनी तिला आजचं रूप दिलं. मग १९९० च्या दशकात स्वीडनच्या उल्मस्टेन यांची प्लॅस्टिकची टेप आली, सोपी, झटपट, आणि पट्टी मागे पडली.

पण आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट वेगळीच. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि नावारूपाला आले. गर्भपिशवीचं तोंड अवेळी उघडून ज्यांचे गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पडायचे, त्यांच्यासाठी त्यांनी १९५५ मध्ये टाका प्रसिद्ध केला. आज जगभर 'शिरोडकर स्टिच' म्हणतात तो. तो टाका मुळात धाग्याचा नव्हता! बाईच्याच मांडीच्या पडद्याची पट्टी काढून ती गर्भपिशवीच्या तोंडाभोवती कातडीखालून ओवायचे. पुढे मर्सिलीन नावाच्या कृत्रिम धाग्याची टेप आली.

आणि मुंबईचेच डॉ. पुरंदरे. आपल्याकडे तरुण बायकांचं, कधीकधी मूल न झालेल्या मुलींचंही अंग बाहेर येतं. त्यांची पिशवी कशी काढणार? पुरंदऱ्यांनी पोटाच्या भिंतीच्या पडद्याचे दोन पट्टे दोन्ही बाजूंनी आत नेऊन गर्भपिशवीच्या मानेला बांधले. पिशवी टांगली, बाईचं आई होणं शाबूत. त्यातही नंतर टेप आली. शिरोडकरांचंही असंच पिशवी वाचवणारं झोळीचं ऑपरेशन आहे, ते मागे त्रिकास्थीला बांधतात. पाठ्यपुस्तकांत ही नावं पानापानांवर असतात आणि आपल्याला शिरोडकर म्हटलं की फक्त आडनाव आठवतं.

निवृत्त_टाका

बखरकार, शाब्बास. आमच्या परीक्षेत पुरंदरे आणि शिरोडकर यांतला फरक हमखास विचारायचे. पुढे बांधलं ते पुरंदरे, मागे बांधलं ते शिरोडकर, असं घोकलेलं.

नाव_नको

हा आयडी आजच काढलाय. दोन दिवस वाचतेय. माझी गोष्ट वेगळी आहे पण "स्वतःचंच काढून स्वतःलाच" हीच आहे.

मी जन्मतःच योनीमार्गाशिवाय. गर्भपिशवीही नाही. बाहेरून सगळं नेहमीसारखं, बीजकोष आहेत, त्यामुळे शरीर इतर मुलींसारखंच वाढलं. सोळाव्या वर्षीही पाळी आली नाही तेव्हा कळलं. साडेचार-पाच हजार मुलींत एखादी अशी जन्मते, म्हणजे माझ्या कॉलेजात मी एकटी असेन किंवा नसेनही.

विसाव्या वर्षी मार्ग तयार केला. मांडीची पातळ त्वचा सोलून ती साच्यावर उलटी गुंडाळून आत बसवली. मांडी खाली पडून खरचटल्यावर जळते तशी तीन आठवडे जळत होती, त्याच्यापुढे आतलं काहीच नाही. नंतर साचा. आधी दिवसरात्र, मग फक्त रात्री, कितीतरी महिने. नाही घातला तर आकसतं. हॉस्टेलच्या खोलीत कपाटाला कुलूप लावायची. मैत्रिणींना वाटायचं मी पैसे लपवते.

आज लग्न झालंय, त्याला सगळं माहीत होतं. बाकी ठीक.

आईंना सांगा, मांडीचं कातडं परत येतं.

निवृत्त_टाका

बाळा, लिहिलंस ते खूप चांगलं केलंस.

बाकीच्यांसाठी: ही पद्धत मॅकिंडो यांनी १९३८ मध्ये रूढ केली, तेच पुढे दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे दुरुस्त करून गाजले. त्वचेऐवजी पोटातलं अस्तर खाली ओढून घेण्याची पद्धत आहे, आतड्याचा तुकडा वापरण्याचीही आहे, गालाच्या आतलं अस्तरही लावतात. आणि कुणी वाचत असेल तर महत्त्वाचं: आज बहुतेक मुलींना आधी ऑपरेशन सांगतच नाहीत. नुसत्या डायलेटरने (गुळगुळीत दांड्यासारखं साधन), रोज थोडं थोडं दाब देऊन, पुष्कळ जणींचा मार्ग तयार होतो. त्याला चिकाटी आणि बोलायला कुणीतरी लागतं.

मेक्सिकोत चार मुलींवर तर त्यांच्याच पेशी प्रयोगशाळेत साच्यावर वाढवून बनवलेला मार्ग बसवला होता. बाह्यांगाचा चिमूटभर तुकडा घेऊन. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. चारच मुली, लक्षात ठेवा, अजून हे दवाखान्यात मागून मिळणारं नाही.

हापूस_रत्नागिरी

म्हणजे हे सगळं कलमच झालं की. पण एक विचारू? आंब्याच्या कलमाला मुळाचा रस मिळतो. ही पट्टी तर पूर्ण कापून काढलेली. ती आत कुजत कशी नाही?

निवृत्त_टाका

फार चांगला प्रश्न. त्या पडद्याला मुळातच रक्त कमी लागतं, दोरखंडासारखे तंतूच जास्त. पहिले काही दिवस आजूबाजूच्या द्रवावर तगते. मग शेजारच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, आणि हळूहळू ती तिथलीच होते. परकी नाही म्हणून शरीर तिला बाहेर ढकलत नाही. त्वचेचं ठिगळही असंच धरतं, पण त्याला खालची जमीन चांगली लागते. जिथे जमीनच खराब, म्हणजे बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडलेलं, किंवा किरण देऊन उती सुकलेल्या, तिथे नुसत्या कापून काढलेल्या पट्टीचा भरवसा नसतो. तिथे बाह्यांगाच्या चरबीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट, देठ न तोडता, फिरवून आणतात. १९२८ पासूनची पद्धत, मार्टियसची.

नीरजा_वाई

धागा वर काढतेय.

साखर ७.४ वर आली. दोन महिन्यांनी म्हटलं होतं, तीन लागले, मधे एक लग्न आणि एक बारसं. गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. पिशवी खालून काढली, वर बांधलं, पुढची भिंत आवळली, पोटातली पट्टी लावली. रिंग पेसरीचं विचारलं होतं, आई म्हणाली, "सात वर्षं सांभाळलंय, आता सांभाळायचं काही नको."

मी नळी घालायला शिकून ठेवली होती. लागली नाही. चौथ्या दिवशी दवाखान्यातली नळी काढली तेव्हा आत ६० मिली शिल्लक, बाईंनी चालेल म्हटलं. मापाचा जग आईला फार आवडला, "ताक मोजायला बरा" म्हणून घरी आणलाय. (वापरू देत नाहीये.)

एकदा जळजळ झाली, लघवी तपासली, संसर्ग निघाला, आठवडाभर गोळ्या. पोटाची जखम एका कोपऱ्यात ओली राहिली, रोज ड्रेसिंग बदलायला लागायचं, आता सुकली. अबोली, तू म्हणालीस तसंच, खाली काही नाही, पोटच दुखतंय.

मावशी, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते मी तिथेच उभं राहून शब्द न् शब्द वाचलं. न कळलेले तीन शब्द विचारून घेतले. तुमच्यामुळे.

आता आईचा एकच प्रश्न, आणि तो मी विचारल्याशिवाय ती मला जेवू देणार नाही. हंडा नाही हे तिने मान्य केलंय. पण म्हशीला वैरण टाकता येईल का? पेंढी साधारण चार किलोची असते.

निवृत्त_टाका

तीन महिने होईपर्यंत नाही. अगदीच हौस असेल तर पेंढी सोडून मूठ-मूठ टाका म्हणावं, वाकून नाही, उभ्याने.

नीरजा_वाई

विचारलं. म्हणते, पेंढी सोडली की अर्धी वैरण सांडते, आणि बाबांना झाडता येत नाही.

कोल्हापुरी_ठेचा

बाबांना म्हणावं, मी शिकलोय.